विंडो गायब झाली? माउस सोडा, कीबोर्ड वापरा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांना आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतील, बाकीच्यांनी विंडोज ११ वर यावं अशी कंपनीची इच्छा आहे. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये नव्या कीबोर्डवर 'कोपायलट' नावाचं एआयचं बटण आलं. एकूण काय, संगणकाचं रूप पुन्हा बदलतंय.

आता तुम्ही म्हणाल, या बातमीचा आमच्या गारगोटीशी काय संबंध? आहे. आणि तो थेट नोकरीशी आहे.

फोन सगळ्यांकडे, संगणक किती जणांकडे?

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचं ठिकाण. मौनी विद्यापीठामुळे शिक्षणाची परंपरा जुनी. आजूबाजूच्या गावांतून रोज पोरं-पोरी कॉलेजला येतात, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात तलाठी, लिपिक किंवा बँकेची परीक्षा असते. राज्य सरकारच्या अनेक पदांना एमएस-सीआयटी किंवा तत्सम प्रमाणपत्र लागतं. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टायपिंगही लागतं. म्हणजे नोकरी संगणकावरची आणि आपली सवय मात्र फोनची.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) देशाच्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. आकडा जुना आहे. पण गावाकडे संगणकाच्या आधी स्मार्टफोन हातात आला, हे त्यातून कळतं.

त्याचा परिणाम मी इथल्या फॉर्म भरायच्या दुकानांत कितीदा पाहिलाय. अर्ज अर्धा भरलेला असतो. मध्येच जातीच्या दाखल्याची पीडीएफ बघायची म्हणून दुसरी विंडो उघडते, पहिली मिनिमाइज होते आणि मग 'फॉर्म गेला!' म्हणून आरडाओरडा. पोरगं वेबसाइट नव्याने उघडतं आणि पहिल्यापासून भरायला घेतं. खरं तर आधीचा फॉर्म कुठेच गेलेला नसतो, खालच्या पट्टीत निवांत बसलेला असतो.

असं का होतं?

फोनवर बहुतेक वेळा एका वेळी एकच ॲप समोर असतं. दुसरं उघडलं की पहिलं मागे जातं, आणि मेमरी कमी पडली की अँड्रॉइड ते बंदही करतं. परत गेलं की पान नव्याने लोड होतं. म्हणून 'दिसत नाही म्हणजे गेलं' हा फोनवाल्याचा अनुभव चुकीचा नाही.

संगणकाचा हिशोब वेगळा आहे. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये विंडो एकमेकींवर चढत नव्हत्या, शेजारी-शेजारी मांडलेल्या असायच्या. नंतर त्या एकावर एक यायला लागल्या आणि १९९५ मध्ये खालची टास्कबार आली. मिनिमाइज म्हणजे विंडो बंद करणं नाही, फक्त नजरेआड करणं. आत प्रोग्रॅम चालूच असतो. हां, वेबसाइटची वेळमर्यादा मात्र चालू राहते, त्यामुळे फॉर्म मिनिमाइज करून चहाला जाऊ नका.

एवढे शॉर्टकट पुरेत

* ऑल्ट + टॅब: ऑल्ट दाबून धरा, टॅब एकेकदा दाबत राहा. हवी ती विंडो आली की ऑल्ट सोडा. मिनिमाइज झालेलीही परत येते. उलट दिशेला जायचं तर सोबत शिफ्ट दाबा.
* विंडोज + १, २, ३: टास्कबारवरचं पहिलं, दुसरं, तिसरं ॲप थेट समोर.
* विंडोज + डी: सगळं बाजूला, डेस्कटॉप समोर. मध्ये नवी विंडो उघडली नाही तर पुन्हा दाबल्यावर सगळं जागेवर.
* विंडोज + एम: सगळ्या विंडो खाली. परत आणायला विंडोज + शिफ्ट + एम.
* विंडोज + टॅब: उघडं असलेलं सगळं एका नजरेत.
* कंट्रोल + टॅब: हे विंडोसाठी नाही, ब्राउझरच्या आतल्या टॅबसाठी. फॉर्म 'हरवतो' तेव्हा निम्म्या वेळा तो शेजारच्या टॅबमध्येच असतो.

एकापासून मात्र सांभाळा: ऑल्ट + एफ४. हे विंडो लपवत नाही, बंद करतं.

माउसवाल्यांची पंचाईत

आता सुरुवातीच्या बातमीकडे येऊ. विंडोज ११ मध्ये टास्कबारवरची चिन्हं डावीकडून मध्यभागी आली. 'डाव्या कोपऱ्यात क्लिक करायचं' असं पाठ केलेला माणूस तिथे अडखळतो. ऑल्ट + टॅब मात्र विंडोज १० वर जसं चालतं तसंच ११ वर चालतं. कॉलेजच्या लॅबमधला जुना पीसी असो नाहीतर ऑफिसातला नवा, बोटांना माहीत असलेली गोष्ट बदलत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: चिन्हांच्या जागा पाठ करण्यापेक्षा हे पाच-सहा शॉर्टकट आधी शिकवायला हवेत.

आणि हे फोनपासूनही लांब राहिलेलं नाही. सॅमसंगने २०१७ मध्येच डेक्स आणलं: फोन मोठ्या स्क्रीनला जोडला की ॲप वेगवेगळ्या विंडोंत उघडतात. गूगलही अँड्रॉइडला त्याच दिशेने नेतंय. म्हणजे उद्या तुमच्या फोनवरही विंडो सांभाळाव्या लागणार.

परीक्षेत मात्र थांबा

हे सगळं सराव आणि कामासाठी आहे. ऑनलाइन परीक्षेच्या संगणकावर ऑल्ट + टॅब करून बघू नका. अनेक परीक्षांत असे शॉर्टकट बंद केलेले असतात, आणि स्क्रीन सोडण्याचा प्रयत्न गैरप्रकार समजला जाऊ शकतो. आधी सूचना वाचा. स्क्रीन अडकली तर स्वतः बटणं दाबत बसू नका, हात वर करून पर्यवेक्षकांना बोलवा.

घरी पीसी नसला तरी सराव होतो. लॅबमध्ये किंवा मित्राच्या लॅपटॉपवर नोटपॅड, ब्राउझर आणि एक पीडीएफ उघडा. पीडीएफमधला एक परिच्छेद माउसला हात न लावता बघून बघून नोटपॅडमध्ये टाइप करा, मध्येच ब्राउझरमध्ये जाऊन या. रोज दहा मिनिटं, आठवडाभर. पुढच्या भरतीचा फॉर्म भरताना विंडो दिसेनाशी झाली, तर नव्याने भरायला घेण्याआधी बोटं आपोआप ऑल्ट + टॅबवर जातील.