ठोकळ्याचा खून

परवा रविवारी ताईचा मुलगा महाळुंग्याला आमच्याकडे राहायला आला होता. (बाणेरजवळचं नव्हे, चाकणचं. दर वेळी सांगावं लागतं!) जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन 'पोर्टल' खेळत बसला. गेम तसा जुना, २००७ चा, व्हॉल्व्ह कंपनीचा. तुम्ही एका प्रयोगशाळेत कोंडलेले, आणि ग्लाडोस नावाचं यंत्र बाईच्या आवाजात तुम्हाला एकामागून एक चाचण्या द्यायला लावतं. एका चाचणीत ती तुम्हाला एक ठोकळा देते, बाजूंवर गुलाबी बदाम काढलेला. तो सोबत घेऊनच पुढे सरकायचं, आणि शेवटी तो भट्टीत टाकायचा. टाकल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. टाकलात की बाई ऐकवते, सोबत्याला इतक्या झटपट संपवणारा आजवर कोणी झाला नाही. शेवटच्या लढाईत तर सरळ खुनाचाच आरोप.

भाचा आधी हसला. मग म्हणाला, "मामा, पण मी दुसरं काय करणार होतो?"

बिनतोड सवाल. पोर्टलवाले ही थट्टाच करतात हे मला कळतं. पण बाकीचे बरेच गेम हे गंभीरपणे करतात. एकच दार ठेवायचं, त्यातून ढकलायचं, आणि मग 'बघ काय केलंस' म्हणायचं. त्याच वर्षी आलेल्या 'बायोशॉक'मध्ये दोन्ही प्रकार आहेत. समुद्राखालच्या शहरात लहान मुली भेटतात. एकीला सोडवलं तर 'अ‍ॅडम' नावाचं शक्ती देणारं द्रव्य ८० मिळतं, तिचा बळी घेतला तर १६०. इथे दोष द्या, मान्य. दोन दारं होती आणि मी लोभाचं निवडलं. पण अँड्र्यू रायनला मारायची वेळ येते तेव्हा कंट्रोलच काढून घेतलेला असतो, हात आपोआप चालतो. तिथे कसला माझा दोष?

यावर कोणी म्हणेल, गेम बंद करायचा की! हे उत्तर मी आमच्या एमआयडीसीत फार ऐकलंय. "पटत नसेल तर नोकरी सोडावी."

बऱ्याच वर्षांपूर्वी मी इथल्याच एका कारखान्यात क्वालिटीत होतो. डावा आणि उजवा ब्रॅकेट दिसायला जवळजवळ सारखे. चुकीचा बसू नये म्हणून फिक्श्चरला एक पिन असते. ती तुटली होती. आठ दिवस लाईन तशीच चालली, कारण टार्गेट. मग व्हायचं ते झालं, डावे-उजवे मिसळून माल गेला आणि ग्राहकाची तक्रार आली. भिंतीवर 'पाच वेळा का विचारा'चं पोस्टर होतं. मी एकदाच विचारलं आणि रिपोर्टात लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. कंत्राटावरचा मुलगा होता, लातूरकडचा. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद. पिन नंतर पंधरा दिवसांनी बसली.

जपानमध्ये अशा पिनेला आधी 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख, म्हणजे मूर्खाने घोळ घालू नये म्हणून केलेली सोय. १९६० च्या दशकात एका कारखान्यातली कामगार मुलगी त्या शब्दाने दुखावून रडली, तेव्हा शिगेओ शिंगो यांनी नाव बदलून 'पोका-योके' केलं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक. आम्ही हा शब्द ट्रेनिंगमध्ये घोकला होता हो, परीक्षेत मार्कही मिळवले होते!

त्या मुलापुढे एकच दार होतं, पिन नसलेल्या फिक्श्चरचं. माझ्यापुढे मात्र दोन होती. 'पिन तुटलेली, आठ दिवस' असं लिहिता आलं असतं. माझं इन्क्रिमेंट गेलं असतं, फार तर साहेबाने चार शब्द सुनावले असते. त्यामुळे भाच्याला "तुझा काही दोष नाही" असं मी ठामपणे सांगितलं, आणि मग उगाच चहा टाकायला आत गेलो.

असो. २०११ च्या 'पोर्टल २'मध्ये अगदी शेवटी दार पुन्हा उघडतं आणि तो ठोकळा, भाजून काळा पडलेला, बाहेर फेकला जातो. हे मी भाच्याला सांगितलं नाही, तो अजून तिथवर पोचलेला नाही. (ताई, तूही सांगू नकोस.)