भाडे थकले म्हणून घराला कुलूप? कायदा तसे म्हणत नाही

दोन महिन्यांचे भाडे थकले की मालक कुलूप लावायची धमकी देतो आणि आपली माणसे घाबरून सामान बांधायला लागतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मात्र भाडेकरूला वेळ देतो.

कलम 15 नुसार मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची, 90 दिवस थांबायचे, मगच थकबाकीचा दावा. कोर्टाचे समन्स आल्यावरही 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचे भाडेही भरत राहिलो, तर थकबाकीपायी घर जात नाही. मधल्या काळात वीज-पाणी तोडायला कलम 29 ची मनाई आहे.

खरी मेख पुढे आहे. आपली कितीतरी कुटुंबे आज 11 महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहतात. त्यांना हे संरक्षण नाही. मुदत संपली की कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो.

म्हणून सही करण्याआधी करार नेमका कोणता, ते वाचून घेऊ. रोख भाड्याची पावती मागू. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. नोटीस आली तर दडवू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.