क्रीडासाहित्याची महादुकाने कोणी बुडविली?

अमेरिकेतील भांडवली वृत्तपत्रांनी गेल्या दशकात एक शब्दप्रयोग रूढ केला आहे. त्याचा मराठीत अनुवाद करावयाचा तर 'किरकोळ व्यापारावरील प्रलय' असा करावा लागतो. मोठमोठ्या दुकानसाखळ्या एकामागून एक दिवाळखोरीत निघाल्या, महामार्गांलगतच्या त्यांच्या अवाढव्य इमारती ओस पडल्या, हजारो कामगार बेकार झाले. आणि या साऱ्याचे कारण म्हणून इंटरनेटवरून होणाऱ्या खरेदीकडे बोट दाखविण्यात आले. ज्याचा व्यवसायच अनुवादाचा आहे त्याचा स्वभाव शब्दांच्या बाबतीत थोडा संशयी बनतो. प्रलयाला कर्ता नसतो. पूर येतो, वीज पडते. त्यांच्यावर खटला भरता येत नाही. परंतु जी घटना माणसांनी करारपत्रांवर सह्या करून घडवून आणली, तिला नैसर्गिक आपत्तीचे नाव देण्यात कोणाचा स्वार्थ साधतो, हा प्रश्न कामगार चळवळीने विचारलाच पाहिजे. तो तपासण्यासाठी एकच व्यवसाय घेऊ. खेळ, गिरिभ्रमण, शिकार व मासेमारी यांचे साहित्य विकणाऱ्या अमेरिकेतील महादुकानांचा.

ही दुकाने आपल्याकडील क्रीडासाहित्याच्या दुकानांसारखी नव्हेत. शहराबाहेर विस्तीर्ण वाहनतळ, त्यामागे गोदामासारखी एकमजली इमारत, आत उभारून दाखविलेले तंबू, छताला टांगलेल्या होड्या, बुटांच्या भिंतीच्या भिंती. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे आपल्याला काही कारण नाही. १९८० व १९९० च्या दशकांत हीच दुकाने जेव्हा गावोगाव पसरली, तेव्हा मुख्य रस्त्यावरची, मालक स्वतः गल्ल्यावर बसत असलेली छोटी दुकाने त्यांनी गिळंकृत केली होती. मोठा मासा छोट्याला खातो हे त्यांचेच तत्त्वज्ञान. ते त्यांच्यावर उलटले एवढेच, असे कोणी म्हटल्यास त्याला सहज दोष देता येणार नाही. तथापि दुकान बुडते तेव्हा त्यात मालक बुडतोच असे नाही. कामगार मात्र हमखास बुडतो. म्हणून कोण बुडाले आणि कोण तरले याचा हिशेब मांडणे अवश्य ठरते.

२ मार्च २०१६ रोजी 'स्पोर्ट्स ऑथॉरिटी' या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. साडेचारशेहून अधिक दुकाने, सुमारे साडेचौदा हजार कामगार. एप्रिलमध्ये 'स्पोर्ट शॅले' व 'ईस्टर्न माउंटन स्पोर्ट्स' यांच्या मालक कंपनीची पाळी आली. कॅलिफोर्नियात १९५९ साली निघालेली 'स्पोर्ट शॅले'ची सर्व दुकाने बंद झाली. सप्टेंबरमध्ये 'गोल्फस्मिथ' आणि मार्च २०१७ मध्ये 'गँडर माउंटन' गेली. अवघ्या एका वर्षाचा हा पट पाहिला की प्रलयाची उपमा पटू लागते. परंतु जरा आत शिरून पाहावे.

डेन्व्हरनजीकच्या एंगलवूड येथे मुख्यालय असलेली स्पोर्ट्स ऑथॉरिटी २००६ साली 'लेनर्ड ग्रीन अँड पार्टनर्स' या वित्तसंस्थेने व तिच्या सहकाऱ्यांनी सुमारे १३० कोटी डॉलरना विकत घेतली. अशा संस्थांना शब्दकोशाप्रमाणे 'खाजगी भागभांडवल संस्था' म्हणावे लागते. पण या नावावरून वाचकाला काहीही बोध होत नाही. व्यवहाराची रीत समजली की बोध होतो. खरेदीदार स्वतःच्या खिशातून किमतीचा काही भागच घालतो. उरलेली रक्कम कर्जाऊ उभारली जाते. आणि हे कर्ज खरेदीदाराच्या नव्हे, तर विकत घेतल्या गेलेल्या कंपनीच्याच डोक्यावर चढते. म्हणजे घर एकाने घ्यावयाचे आणि त्याच्या गहाणाचे हप्ते घरात राबणाऱ्यांनी फेडावयाचे. आपल्या खेड्यांतील जुन्या सावकारांना ही युक्ती सुचली असती तर त्यांनी धन्यता मानली असती.

दहा वर्षे हे ओझे वाहिल्यानंतर कंपनीवर ११० कोटी डॉलरहून अधिक कर्ज उरले होते. जानेवारी २०१६ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलरच्या व्याजाचा हप्ता तिने चुकविला व दीड महिन्यात ती न्यायालयाच्या दारी उभी राहिली. सुरुवातीला १४० दुकाने बंद करून उर्वरित वाचविण्याची भाषा होती. परंतु धनकोंना दुकान चालण्यापेक्षा माल विकून वसुली होण्यात अधिक रस होता. जुलै २०१६ च्या अखेरीस शेवटचे दुकानही बंद झाले. या कामगारांनी आपल्या अखेरच्या आठवड्यांत काय केले? 'दुकान बंद होत आहे, सर्व माल सवलतीत' अशा फलकांखाली उभे राहून स्वतःच्याच नोकरीची निकाली विक्री केली. त्याच सुमारास वरिष्ठ अधिकाऱ्यांना लाखो डॉलरचा बोनस देण्याचा प्रस्ताव न्यायालयापुढे मांडण्यात आला होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला, हे नमूद केले पाहिजे. पण तो मांडण्यास कोणाची जीभ अडखळली नाही, हेही.

आणखी एक तपशील व्यापारी जगाशी परिचित असलेल्यांना चटकन कळेल. पुष्कळ पुरवठादारांचा माल या दुकानांत जांगड ठेवलेला होता. विकला गेला तर पैसे, तोवर माल पुरवठादाराचा. दिवाळखोरी होताच कंपनीने अशा दीडशेहून अधिक पुरवठादारांवर दावे लावले, कारण तो मालही धनकोंच्या वसुलीत ओढावयाचा होता. मोठ्या ब्रँडना असे धक्के पचतात. छोट्या उत्पादकाच्या बाबतीत मात्र कच्च्या मालाचे देणे आणि कामगारांचा पगार अशाच रकमेत अडकलेला असतो.

आणि एक विनोदही घडला. डेन्व्हर ब्रॉन्कोज हा अमेरिकी फुटबॉलचा संघ फेब्रुवारी २०१६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच्या क्रीडांगणाला स्पोर्ट्स ऑथॉरिटीचे नाव होते. महिना पुरा होण्याच्या आत कंपनी दिवाळखोर झाली. तिचे नाव मात्र २०१८ सालच्या आरंभापर्यंत त्या क्रीडांगणावर झळकत राहिले. दुकान नाही, माल नाही, कामगार नाही, पाटी शाबूत.

मग इंटरनेटचा काहीच दोष नाही काय? तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ग्राहक दुकानात येतो, विक्रेत्याकडून तीन प्रकारचे बूट पायात घालून पाहतो, डोंगर चढताना घोटा कसा सांभाळावा हे विचारून घेतो, आणि घरी जाऊन तोच बूट दोन-चार डॉलर स्वस्तात फोनवरून मागवितो. विक्रेत्याच्या ज्ञानाचा व श्रमाचा खर्च दुकानाने सोसावयाचा, विक्री दुसऱ्याच्या खात्यावर. शिवाय १९९२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार, ज्या राज्यात विक्रेत्याची प्रत्यक्ष जागा नाही तेथील विक्रीकर गोळा करण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नव्हती. महामार्गावरच्या दुकानाला विक्रीकर लावणे भाग होते. दूरवरून पार्सल पाठविणारा मोकळा. जून २०१८ मध्ये न्यायालयाने हा निर्णय फिरविला, परंतु तोवर अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांचे साम्राज्य उभे राहिले होते. ज्याला 'मुक्त स्पर्धा' म्हणून गौरविले गेले, तिच्या पायाशी करांतील ही सूट होती. गँडर माउंटनसारख्या कंपनीने तर ही स्पर्धा वाढत असतानाच धडाक्याने नवी दुकाने उघडली व आपल्याच अतिविस्ताराने ती खचली. तिच्या मरणाचा दोष कर्जावरच्या खरेदीच्या माथी मारणे उचित नव्हे.

पण याच वादळात, याच मालाचा व्यापार करणारी 'डिक्स' ही कंपनी मेली नाही. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे निघालेली ही कंपनी वाढतच गेली. स्पोर्ट्स ऑथॉरिटीचे नावसुद्धा दीड कोटी डॉलर देऊन तिनेच लिलावात घेतले आणि २०२५ साली 'फूट लॉकर' ही पादत्राणांची साखळीही खरेदी केली. ऑनलाइन मागणीचा माल ती आपल्या दुकानांतूनच मोठ्या प्रमाणावर रवाना करते. दुकान हेच तिचे गोदाम. ती कामगारांची कैवारी आहे म्हणून तरली, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. परंतु दुकानांची डागडुजी, नवा माल आणि ऑनलाइन व्यवस्था यांत घालण्यासाठी तिच्याजवळ पैसा होता. स्पोर्ट्स ऑथॉरिटीचा पैसा व्याजात जात होता. पाणी दोघांच्याही नाकापर्यंत आले होते, पण एकाच्या पायाला धोंडा बांधलेला होता.

याहून बोलके उदाहरण 'कॅबेलाज'चे आहे. १९६१ साली नेब्रास्का राज्यातील चॅपेल या छोट्या गावी डिक कॅबेला यांनी मासे गळाला लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, हाताने बांधलेल्या नकली माश्या टपालाने विकण्यास प्रारंभ केला. पत्नी व भाऊ मदतीला, स्वयंपाकघरातील टेबल हेच कार्यालय. मागणी नोंदविणाऱ्या प्रत्येक पार्सलाबरोबर इतर वस्तूंची यादी जाई. त्या यादीची पुढे जाडजूड सचित्र सूची झाली आणि सूचीवरून कंपनी. घरबसल्या वस्तू पाहावी, मागवावी व टपालाने मिळवावी हाच तिचा जन्मजात धंदा होता. प्रचंड दुकाने तिने पुष्कळ नंतर बांधली. इंटरनेटवरील खरेदीने कोणी मरावयाचे असेल तर सर्वांत शेवटी या कंपनीने मरावयास हवे होते.

ती तोट्यातही नव्हती. परंतु ऑक्टोबर २०१५ मध्ये 'एलियट मॅनेजमेंट' या हेज फंडाने तिचे सुमारे ११ टक्के भाग घेतल्याचे जाहीर केले व कंपनी विकण्यासाठी दबाव आणला. वर्षभरात प्रतिस्पर्धी 'बास प्रो शॉप्स'शी सौदा ठरला. गोल्डमन सॅक्सने त्यासाठी भांडवल पुरविले. सप्टेंबर २०१७ मध्ये सुमारे ५०० कोटी डॉलरना कंपनी हस्तांतरित झाली. भागांची किंमत चढली, फंडाने आपला लाभ पदरात पाडून घेतला. कंपनीचे मुख्यालय नेब्रास्कातील सिडनी येथे होते. या गावाची वस्ती साडेसहा हजारांच्या आसपास, आणि त्यातील व परिसरातील सुमारे दोन हजार माणसे तेथे कामाला. ती कामे गेली. घरे विक्रीस निघाली, पण विकत घ्यावयाला गावात कोण उरले होते? येथे पूर नाही, वीज नाही, इंटरनेटही नाही. येथे फक्त वित्तभांडवल आहे, आणि ते लेनिनने १९१६ साली ज्याचे विश्लेषण केले त्याच वंशातील आहे.

आपल्या काही साथींच्या मनात अशा वेळी यंत्राविषयी राग उत्पन्न होतो, तो समजण्यासारखा असला तरी दिशा चुकलेला आहे. 'कॅपिटल'च्या दुसऱ्या खंडात मार्क्सने वाहतुकीला उत्पादनाचाच पुढचा भाग मानले आहे, तर निव्वळ खरेदी-विक्रीत गुंतलेल्या श्रमाला त्याने वेगळे स्थान दिले आहे. दुकानातील काउंटरवरून श्रम निघून गोदामात व पार्सलच्या गाडीवर जात आहेत, या घटनेचा अर्थ असा की व्यापारातील कामगार पुन्हा एकदा मोठ्या संख्येने एका छपराखाली, घड्याळाच्या काट्यावर, कारखान्यासारख्या शिस्तीत एकत्र येत आहे. त्याचे परिणाम दिसू लागलेही आहेत. १ एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील अ‍ॅमेझॉनच्या गोदामातील कामगारांनी २,१३१ विरुद्ध २,६५४ मतांनी संघटनेचा कौल दिला. कंपनीने निकाल मान्य न करता न्यायालयीन वाद सुरू केला, हा भाग वेगळा. त्याच्या महिनाभर आधी त्याच शहरात गिरिभ्रमणाचे साहित्य विकणाऱ्या 'आरईआय'च्या सोहो भागातील दुकानात १४ विरुद्ध ८८ मतांनी युनियन झाली आणि पुढील अडीच-तीन वर्षांत आणखी दहा दुकानांनी तोच मार्ग धरला. ही आरईआय १९३८ साली गिर्यारोहकांनी स्थापलेली ग्राहक सहकारी संस्था आहे. सहकाराची पाटी लावल्याने मालक-कामगार संबंध आपोआप बदलत नाहीत, हे महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या कामगारांना अमेरिकेतून कोणी शिकविण्याची गरज नाही. परंतु एकीकडे दुकानातील विक्रेते आणि दुसरीकडे त्यांची 'नोकरी खाणाऱ्या' गोदामातील कामगार, दोघेही महिनाभराच्या अंतराने एकाच निष्कर्षावर येतात, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशात हा वाद वेगळ्या वेशात येतो. २०१२ साली बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय भांडवलाला मुभा देण्यात आली, तेव्हा महादुकाने हेच भविष्य आहे असे सांगितले जात होते. डाव्या पक्षांसह इतर पक्षांनी २० सप्टेंबर २०१२ रोजी देशव्यापी बंद पाळून त्याला उत्तर दिले. २०१८ मध्ये वॉलमार्टने १६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचे सुमारे ७७ टक्के भाग घेतले, तेव्हा भविष्य बदलले होते. आता ते मोबाइलच्या पडद्यावर आले होते. मधल्या सहा वर्षांत बदलले ते दुकानाचे रूप. दाराशी उभे भांडवल तेच होते. छोट्या दुकानदारांच्या संघटना केवळ ऑनलाइन विक्रीवर बंदी मागतात, तेव्हा त्यांच्या संकटाशी सहानुभूती ठेवूनही त्यांना हे विचारले पाहिजे की, त्यांच्या दुकानात बारा तास उभ्या असलेल्या पोऱ्याचे काय?

कारण त्याची अवस्था कायद्यानेच तीन ठिकाणी विभागलेली आहे. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होतो. म्हणजे छोट्या दुकानातील पोऱ्याच्या वाट्याला त्यातील फारसे काही येत नाही. गोदामातील माणूस बहुधा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. आणि पार्सल घेऊन जिना चढणारा तरुण २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या भाषेत 'गिग कामगार' ठरतो. त्याच्यासाठी कंपनीने उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरावेत अशी तरतूद आहे, किमान वेतनाची मात्र नाही. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. दुकान, गोदाम आणि गाडी या तिघांना एकाच मागणीपत्रकावर आणण्याचे काम प्रत्येक जिल्हा समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावयास हवे, आणि त्याची सुरुवात आपल्याच शहरातील एखाद्या गोदामाच्या फाटकावर, पाळी सुटण्याच्या वेळी जाऊन उभे राहण्यापासून करता येईल.