ग्लँडर्स : घोड्यांच्या या आजारावर लस नाही, मग तो रोखायचा कसा?

दरवर्षी दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. वेगवेगळ्या राज्यांतले घोडे तिथे शेजारी शेजारी बांधले जातात. संसर्गजन्य रोगाला पसरायला यापेक्षा सोयीची जागा नाही. म्हणूनच ग्लँडर्सबद्दल माहिती असायला हवी.

ग्लँडर्स म्हणजे काय?

बर्कहोल्डेरिया मॅलेई या जिवाणूमुळे होणारा हा आजार घोडे, गाढवं आणि खेचरांना होतो. ताप, खोकला, नाकातून चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणं. काही घोडे मात्र वरून ठणठणीत दिसतात आणि तरीही संसर्ग पसरवतात. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणी परिसरात या आजाराचा उद्रेक झाला होता.

माणसांना धोका आहे का?

आहे. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेतू शकतो. घोड्याच्या रोज जवळ असणारे मोतद्दार, नालबंद आणि पशुवैद्यक यांना जास्त धोका असतो.

घोडा पॉझिटिव्ह आला तर?

लस नाही आणि घोड्यावर उपचार करण्याची परवानगीही नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने निदानावर शिक्कामोर्तब केलं, की 2009 च्या कायद्यानुसार घोड्याला वेदनारहित मरण दिलं जातं. आसपासच्या घोड्यांची तपासणी होते आणि त्यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात.

खरी अडचण इथेच आहे. सरकारी भरपाई मिळते, पण ज्याचं घर टांग्यावर किंवा वरातीच्या घोड्यावर चालतं, त्याचा रोजगार एका रिपोर्टने बुडतो. त्यामुळे आजार लपवण्याचा मोह होतो. लपवलेला एक घोडा मात्र अख्खा तबेला धोक्यात घालतो. भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळाली, तरच मालक स्वतःहून पुढे येतील.

मालकांनी काय करावं?

• रक्ततपासणीचा रिपोर्ट पाहूनच घोडा विकत घ्या.
• नवा घोडा काही आठवडे वेगळा बांधा.
• तोबरा, पाण्याची बादली, खरारा आणि लगाम प्रत्येक घोड्याचा वेगळा ठेवा.
• नाकातून स्राव किंवा गाठी दिसल्या तर हातमोजे आणि मास्क वापरा, घोडा कुठेही हलवू नका आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.