हाका कोणाचा, शिकार कोणाची?

मराठी शिकारकथा 'निसर्गलेखना'च्या खात्यावर मांडण्याची आपल्या समीक्षेला सवय जडली आहे. या सोयीस्कर वर्गीकरणाला माझा आक्षेप आहे. शिकारकथा हा निसर्गाचा नव्हे, श्रमविभागणीचा दस्तऐवज आहे.

वरंध घाटाचा मुलूख घ्या. साहित्याचे विद्यार्थी इकडे फिरकतात ते दासबोधाशी परंपरेने जोडलेल्या शिवथरघळीसाठी. पण भोरहून महाडकडे उतरणारा हा प्रदेश म्हणजे तुटलेले कडे, अरुंद सोंडा आणि दाट झाडी. अशा रानात सांबराची शिकार योजायची तर बंदूक ही शेवटची बाब. जनावर कोणत्या पाणवठ्यावर येते; ऊन तापले की वारा दरीतून वर चढतो आणि सांजावल्यावर खाली उतरतो, तेव्हा वास लागू न देता कोणत्या अंगाने जायचे; हाका उठल्यावर ते कोणत्या खिंडीने निसटेल, हे आधी ठाऊक हवे. हे ज्ञान साहेबाचे नव्हते. कातकऱ्याचे, धनगराचे होते. कथेत मात्र तो केवळ 'वाटाड्या' उरतो आणि बार काढणारा 'मी' नायक होतो. अमेरिकेत सरकारी डोंगराळ जमिनीवर परवाना काढून एल्क या थोरल्या हरणाची शिकार करणारे पुष्कळ जण वारा, नकाशा, माग यांची आखणी स्वतःच करतात. आपल्या शिकारकथेत योजणारा एक आणि मिरवणारा दुसरा.

यावर कोणी म्हणेल, शिकारीनेच लेखकाला रान दाखवले. मान्य. शिकारीचा नाद असलेले व्यंकटेश माडगूळकर 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांचे जग न्याहाळतात, आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या कादंबरीला मिळतो. पण लेखकाच्या परिवर्तनाने वाटाड्याचे मौन भरून निघत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक आणि फासा दोन्हींवर निर्बंध आणले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजांचे परंपरागत हक्क मान्य करतानाही शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. शिकार थांबली हे योग्यच झाले. परंतु बंदूकवाल्याच्या आठवणी तोवर ग्रंथालयात पोहोचल्या होत्या. फासेवाल्याच्या वाट्याला फक्त गुन्हा आला. एकाची कृती साहित्य ठरली, दुसऱ्याची चोरी.

म्हणून शिकारकथा अभ्यासक्रमातून काढू नये. ती उलटी वाचावी. हाका कोणी घातला, हा पहिला प्रश्न वर्गात विचारावा. आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर माग, वारा, पाणवठा यांसाठी जे शब्द अजून जिवंत असतील, ते मराठी विभागांनी टिपून घ्यावेत. ते शब्द हरवले, तर आपल्याजवळ केवळ बाराचा आवाज उरेल.