भूल देण्याआधी दोन वाक्यं मराठीत

चूक म्हणजे भूल, मोहिनी म्हणजे भूल आणि ऑपरेशनआधी देतात तीही भूलच. शब्द असा ओळखीचा, पण त्या भुलेत आपल्या शरीराचं काय चालतं हे मराठीत क्वचितच कोणी सांगतं. मला ते खटकतं.

मणक्याच्या किंवा सायनसच्या काही ऑपरेशनांत भूलतज्ज्ञ मुद्दाम रक्तदाब उतरवतात. रक्त कमी वाहतं, सर्जनला नीट दिसतं. हेतू चांगलाच. पण त्याची किंमत असते.

सोडियम नायट्रोप्रुसाइडचंच घ्या. शिरेतून सुरू केलं की दाब झटकन उतरतो, बंद केलं की काही मिनिटांत परत चढतो. सोयीचं औषध! मात्र त्याच्या रेणूत सायनाइडचे ५ गट असतात. थोडं सायनाइड यकृत गंधकाच्या मदतीनं थायोसायनेटमध्ये बदलतं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. डोस वाढला, वेळ लांबली की ही व्यवस्था अपुरी पडते. मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून किलोमागे मिनिटाला १० मायक्रोग्रॅम हा कमाल वेग १० मिनिटांपलीकडे न्यायचा नाही, असा दंडक आहे. उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेट देतात.

त्याऐवजी बीटा ब्लॉकर दिले तर सायनाइडची भीती नाही, पण नाडी फार मंदावू शकते, दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो. आणि औषध कुठलंही असो, दाब फार उतरला तर मेंदूला, मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं. ज्याला आधीपासून बीपी आहे, त्याला धोका जास्त.

डॉक्टरांच्या कौशल्यावर माझा संशय नाही. पण दमा आहे का, बीपीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, हे पेशंटच सांगणार ना? बेळगावात इंग्रजी किंवा कन्नड फॉर्म पुढे आला की आपली मराठी बोलणारी आजी "कुठं सही करू, बाळा?" एवढंच विचारते. ती संमती मला अर्धीच वाटते.

आपलं मंडळ कविता छापतं, ते छापावंच. पण यंदा ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना काय सांगायचं, काय विचारायचं, याचं एक पानही साध्या मराठीत काढू या. मजकूर एखाद्या भूलतज्ज्ञांकडून तपासून घेऊ. भाषा आपल्याला येते, तर ती आजीच्या उपयोगी का पडू नये?