रुसलेले वाय-फाय आणि ‘फॉरमॅट’ची घाई

महिन्याची १९ तारीख असते. जीएसटीआर-३बी विवरणपत्राची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार असते आणि नेमके तेव्हाच घरच्या लॅपटॉपवरील वाय-फायचे चिन्ह नाहीसे होते. त्याच खोलीत मोबाइलवर वाय-फाय सुरळीत चालते. म्हणजे राउटर निर्दोष असतो. दुरुस्तीसाठी बोलावलेला माणूस पुष्कळदा एकच उपाय सांगतो : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ घाईत होकार दिला जातो आणि पेढीचा अनेक वर्षांचा टॅलीचा डेटा पणाला लागतो.

प्रथम मुदत सांभाळावी. अँड्रॉइड मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून मोबाइलच्या सेटिंग्जमधील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लॅपटॉपला मोबाइलचे इंटरनेट मिळते आणि विवरणपत्र वेळेत भरता येते. दोषाचा शोध त्यानंतर शांतपणे घ्यावा.

आधी ‘एअरप्लेन मोड’ चालू राहिलेला नाही ना, हे पाहावे. मग लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय असल्याने ‘शट डाऊन’ केले तरी प्रणालीची काही स्थिती डिस्कवर जपली जाते व अडखळलेले उपकरण तसेच अडखळलेले राहू शकते. ‘रीस्टार्ट’मध्ये प्रणाली नव्याने सुरू होते. तेवढ्याने भागले नाही, तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा आणि पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. आत अडकून राहिलेला विद्युतभार निघून जातो.

तरीही वाय-फाय परतले नाही, तर ‘स्टार्ट’ बटणावर राइट-क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ची यादी पाहावी. वाय-फायच्या नावावर खाली वळलेला बाण असेल, तर उपकरण बंद केलेले आहे, ‘एनेबल’ करावे. पिवळा त्रिकोण असेल, तर बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण चालविणाऱ्या सॉफ्टवेअरचा घोटाळा असतो. अलीकडच्या अपडेटनंतर हे घडले असल्यास ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुनी आवृत्ती परत आणता येते. अन्यथा ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून लॅपटॉप रीस्टार्ट करावा. मात्र ड्रायव्हर पुसून टाकण्याच्या चौकटीत खूण करू नये. नवा ड्रायव्हर लागलाच, तर तो मॉडेल क्रमांकानुसार उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर मोफत अपडेट’ करून देणाऱ्या प्रोग्रामपासून दूर राहावे.

उपकरणाचे नावच यादीत नसेल, तर बायोसमध्ये ते बंद केलेले नाही ना, हे तपासावे. तेथेही सर्व ठीक असेल, तर वाय-फाय कार्ड सैल झाले असण्याची किंवा निकामी झाल्याची शक्यता मोठी. निकामी कार्ड फॉरमॅटने जिवंत होत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये ते स्वतंत्रपणे बदलता येते. नाहीतर बाहेरून यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लावला तरी काम भागते. त्यासाठी मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते.

फॉरमॅटवाचून खरोखरच गत्यंतर नसेल, तर आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची नोंद दिसते का, हे पाहावे. मगच फॉरमॅटला होकार द्यावा.